फळी आधी कुठे होती?

जुन्या सागवानी फळ्या घ्यायला वखारीत शिरलेला माणूस पहिला प्रश्न भावाचा विचारतो आणि दुसरा, ‘बर्माचाच ना हा?’ वखारवाल्याकडे दोन्हींची उत्तरं तयार असतात. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असं मी आजवर ऐकलेलं नाही. विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच आहे: ही फळी आधी कुठे होती? कोणत्या गावात, कितव्या मजल्यावर, तिच्यावर काय पसरलेलं होतं आणि खाली काय शिजत होतं? संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घराच्या माडीला जुन्या फळ्यांची जमीन घातली, पहिल्याच पावसाळ्यात ती फुगून वर आली, मग सगळी उचकटून पुन्हा घातली. त्या खटाटोपात जे काही कळलं, ते बहुतेक या एका प्रश्नापाशी येऊन थांबतं. गावचं घर दुरुस्तीला काढणारी माणसं आजूबाजूला वाढताहेत आणि प्रत्येकाला जुनं लाकूड वापरायचं असतं, म्हणून हे लिहिते आहे.

घर जांभ्या चिऱ्याचं, कौलारू. माडीची मूळ जमीन आंब्याच्या आणि किंजळीच्या फळ्यांची, वर तीन-चार बोटं मातीचा थर आणि त्यावर शेणाचं सारवण. एका कोपऱ्यात कौलं फुटून बरीच वर्षं पाणी मुरत राहिलं होतं. माती काढली तेव्हा खालच्या आंब्याच्या फळ्या हातात चुरगळत होत्या; किंजळीच्या बऱ्याचशा धड निघाल्या. इथेच एक गोष्ट सांगून टाकते, कारण फळ्यांच्या नादात लोक ती विसरतात. आधी तुळया बघा. तुळईचं जे टोक भिंतीत शिरलेलं असतं, त्याला जांभ्याची ओल कायम लागत असते. वरून टणक दिसणाऱ्या टोकात जाड दाभण सहज आत गेला तर फळ्यांची खरेदी बाजूला ठेवा. राहत्या घराच्या मजल्यावर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरून हिशेब करतात, आणि तो भार फळी पेलत नाही. ती तो तुळईकडे पोचवते. आमच्या दोन तुळयांची टोकं गेली होती. ती बदलताना भिंतीतल्या खोबणीत चारी बाजूंनी बोटभर हवा राहील एवढी जागा ठेवून घेतली.

नव्याऐवजी जुनं लाकूड घेण्यामागे नुसती हौस नव्हती. आज नवा म्हणून मिळणारा साग बराचसा खाजगी लागवडीतला, पंधरा-वीस वर्षांत तोडलेला असतो. त्यात मधला तेलकट, तपकिरी गाभा कमी आणि कडेचा पांढुरका कच्चा भाग जास्त. सागाला कीड लागत नाही म्हणतात ते गाभ्यापुरतं खरं. त्यातल्या तेलामुळे वाळवी आणि भुंगे सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. पांढऱ्या भागाला हे संरक्षण नाही. जुन्या इमारतींतल्या फळ्या जंगलात सावकाश वाढलेल्या मोठ्या झाडांच्या आहेत. नऊ-दहा इंच रुंदीची फळी या कडेपासून त्या कडेपर्यंत गाभ्याची मिळते. नव्यात ही रुंदी मागूनही मिळत नाही.

बर्माच्या सागाचं कौतुक मात्र रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला कुणी सांगू नये. १८६३ साली निघालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनला बर्माच्या थिबा राजाच्या दरबाराने सागाच्या ओंडक्यांच्या हिशेबावरून जबर दंड ठोठावला, इंग्रजांना तेवढं निमित्त पुरलं, १८८५ च्या युद्धात राज्य गेलं आणि राजाची रवानगी झाली ती अखेर रत्नागिरीला. १९१६ मध्ये तो इथेच वारला. थिबा राजवाडा बघायला आलेले पाहुणे गच्चीतून खाडी बघतात, फोटो काढतात आणि जातात. यात सागाचा काही संबंध आहे हे कुणाच्या गावीही नसतं. म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. तेव्हापासून पाडलेल्या इमारतींतून निघणाऱ्या बर्मा सागाचा भाव आणखी चढला आणि वखारीतल्या प्रत्येक तपकिरी फळीला बर्माचं जन्मगाव चिकटलं. मलबारचा, दांडेलीचा, चांद्याचा जंगली सागही जुन्या बांधकामात पुष्कळ आहे आणि नीट ठेवला तर तोही पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. जन्मगावासाठी जादा पैसे मोजायचं कारण नाही. फळी जन्मली कुठे यापेक्षा ती राबली कुठे, हे बघा.

सध्या आपल्याकडे अशा फळ्या मुख्यतः दोन वाटांनी येतात. एक मुंबईतून. १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त इमारतींपैकी गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर या भागांतल्या कित्येक इमारती लाकडी सांगाड्याच्या आहेत आणि पुनर्विकासात त्या पाडल्या की लाकूड बाजारात येतं. दुसरी वाट घाटावरच्या वाड्यांची: पुणे, सातारा, वाई, कोल्हापूर. वाड्याची फळी म्हणजे बहुधा कडीपाटाची फळी. खालून ती छत म्हणून दिसायची, म्हणून ते अंग रंधलेलं, कधी गलथा काढलेलं. वरच्या अंगावर माती-चुन्याचा थर, म्हणून ते अंग ओबडधोबड. याखेरीज अलंगला तोडलेल्या जहाजांचं लाकूड आणि यंत्रांच्या पेट्यांचं पाइन हेही ‘जुनं लाकूड’ म्हणून खपवतात. जहाजाच्या फळीत यंत्राचं तेल मुरलेलं असू शकतं. पेटीच्या फळीवर शिक्का असतो. त्यात ‘एमबी’ अक्षरं असतील तर ती विषारी वायूची धुरी दिलेली, घरात आणू नये. या दोन्हींबद्दल एवढं पुरे.

आमच्या फळ्या घाटावरून आल्या. ‘सगळ्या एकाच वाड्याच्या आहेत वहिनी, डोळे मिटून घ्या,’ असं वखारवाला म्हणाला होता. खळ्यात टेंपो रिकामा झाला, आमच्या सुतार मेस्त्रींनी फळ्या उलथ्या करून ओळीने मांडल्या आणि थोडा वेळ उकिडवे बसून नुसत्या बघितल्या. मग म्हणाले, ‘ह्या काय एका घरातल्या नाय.’ त्यांनी जे दाखवलं ते जुनी फळी घेणाऱ्या प्रत्येकाने शिकून घ्यावं. छताच्या फळीचं खालचं अंग धुराने, दिव्याच्या काजळीने, तेलपाण्याने काळवंडतं. पण जिथे ती कडीवर टेकलेली असते तिथे तेवढा पट्टा फिका राहतो. हे फिके पट्टे ठराविक अंतरावर आडवे जातात आणि त्यांच्यातच खिळ्यांची भोकं असतात. पट्ट्याची रुंदी म्हणजे कडीची रुंदी, दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे दोन कड्यांतलं अंतर. आमच्यातल्या काही फळ्यांचे पट्टे फूटभर अंतरावर होते, काहींचे दीड फुटाच्याही पुढे. उरलेल्यांना पट्टेच नव्हते. त्यांच्या एका अंगाला हिरवा तेलरंग होता. म्हणजे त्या कधी जमीन किंवा छत नव्हत्याच, कुठल्या तरी खोलीची फळ्यांची आडभिंत होती. तीन घरांचा माल एका घराच्या नावावर आला होता. भावाची घासाघीस मग त्या पट्ट्यांवर बोट ठेवून झाली आणि ती बऱ्यापैकी आमच्या बाजूने सुटली.

पट्ट्यांचा उपयोग तेवढाच नाही. फूटभर अंतरावरच्या कड्यांवर आयुष्य काढलेली फळी पातळ असली तरी चाललेली असते. तीच दोन फुटांवरच्या तुळयांवर टाकली तर पावलागणिक लवते. रंधून पाऊण इंच उरणारी फळी असेल तर खालचा आधार दीड फुटापेक्षा लांब नको. आमच्या तुळया दोन-दोन फुटांवर, म्हणून मध्ये जादा दांडे घालावे लागले. हा खर्च फळीच्या भावात कुठेच दिसत नाही.

फळी कुठे होती हे नाकानेही कळतं, फक्त उन्हाळ्यात नाही. चुलीवरच्या मजल्याच्या फळीचंच बघा. धूर आणि फोडणीचं तेल तिच्यात इतकं मुरलेलं असतं की कोरड्या हवेत गप्प असलेला वास पावसाळ्यात घरभर सुटतो. गोठ्यावरच्या माळ्याची फळी त्याहून वाईट. गोमूत्राचे क्षार लाकडात जाऊन बसतात, हवेतली ओल ओढून घेतात, आणि अशा फळीत मारलेला प्रत्येक नवा खिळा गंजतो. मिठाच्या किंवा खताच्या गोदामातल्या लाकडाचंही तेच. धान्याच्या कोठीतली फळी दिसायला अगदी स्वच्छ, पण पूर्वी तिथे किड्यांसाठी गॅमेक्झीनची पावडर सर्रास टाकत असत. ती फळी मुलं रांगणार त्या खोलीत नको. परीक्षा सोपी आहे. वखारीत एका कोपऱ्यात हातभर जागा रंधायला लावा, त्यावर ओलं फडकं तासभर ठेवा आणि मग नाक लावा. वखारवाला तुम्हाला वेडं समजेल, समजू दे. ज्या टोकांना डांबर किंवा काळं तेल लावलेलं आहे ती टोकं तिथेच कापून टाकायला सांगा आणि माप त्यानंतर घ्या.

आता हिरव्या रंगाकडे येते, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे होता आणि तो कुणाला धोका वाटतच नव्हता. जुन्या तेलरंगांत शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाला दहा लाख भागांत नव्वद भाग अशी मर्यादा घालणारा नियम २०१६ चा आणि तो लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात. त्याआधीचा कुठलाही तेलरंग शिशाचा आहे असंच धरून चालावं. असा रंग यंत्राने घासला की त्याची भुकटी हवेत जाते, कपड्यांवर बसते, अंगणात पडते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाची अगदी थोडी मात्राही बाधते. म्हणून रंगवलेली फळी कोरडी घासायची नाही. पाणी मारून पत्र्याच्या खरवडणीने रंग काढायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, खरवड गोळा करून वेगळी बांधून ठेवायची, आणि काम चालू असताना मुलांना दुसऱ्या घरी पाठवायचं. रंग नसलेल्या फळीचा भुसाही निरुपद्रवी नाही. लाकडाची धूळ नाकाच्या कर्करोगाचं कारण ठरू शकते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेलं आहे. तोंडाला उपरणं गुंडाळून भागत नाही, चांगला मास्क लागतो. आमच्या मेस्त्रींच्या हाताखालचा मुलगा तो अर्ध्या तासात काढून कानाला अडकवायचा. रोज बोलावं लागे.

आणि बंब. कोकणात लाकडाचा तुकडा वाया जात नाही, तो बंबात जातो. हिरव्या फळ्यांचे कापलेले तुकडे न्हाणीघराशेजारी कधी रचले गेले मला कळलंही नाही. शिशाचा रंग जाळला तर धुरात शिसं आणि राखेतही शिसं, आणि ती राख पुढे भांडी घासायला किंवा अळवाच्या बुंध्याशी. डांबर लावलेली टोकंही बंबात नकोत. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. ‘इतकी वर्षं जाळलंच ना आम्ही,’ असं त्या म्हणाल्या, आणि त्यावर उत्तर देणं सोपं नव्हतं. शेवटी ते तुकडे पोत्यात भरून वेगळे ठेवले तेव्हाच सुटका झाली.

खिळ्यांबद्दल थोडक्यात. जुने ठोकीव खिळे उपसताना वरच्या अंगाचा टवका निघतो, म्हणून शक्य तिथे टोक मागून ठोकून डोकं वर आणायचं आणि मग पकडीत धरायचं. मोडून आत राहिलेला खिळा डोळ्याला दिसत नाही. जाड लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून फिरवला की तो जिथे ओढला जातो तिथे खडूची खूण. एवढं करून फळ्या गिरणीत नेल्या तरी पहिल्या गिरणीवाल्याने हात जोडले. एक राहिलेला खिळा त्याच्या पात्यांचा संच खाऊन टाकतो, त्यामुळे त्याचं चूक नव्हतं. दुसरा तयार झाला तो पात्यांचे पैसे वेगळे ठरवून. हे आधीच ठरवा.

गिरणीत किती रंधून घ्यायचं यावर घरात वाद झाला. घराचं काम घेतलेल्या कंत्राटदाराचं म्हणणं, दोन्ही अंगांनी पाव-पाव इंच काढून टाकू, आरशासारखं होईल. ते झालंही असतं. पण मग शंभर वर्षांची फळी घेऊन वापरायची कशाला? जुन्या रंध्याने गुळगुळीत झालेला, कडेला किंचित उतरलेला, मधाच्या रंगाचा तो वरचा थर इंचाच्या आठव्या हिश्श्याइतकाही जाड नसतो. तो गेला की खाली उरतो तो नुसता साग, महाग आणि खिळ्यांच्या भोकांसकट. आम्ही मागचं अंग यंत्रावर घालून जाडी एकसारखी करून घेतली आणि वरचं अंग मेस्त्रींनी हाताने फक्त साफ केलं. भोकं बुजवली नाहीत.

फळ्या घरात आल्यावर कीड बघण्यासाठी काही आठवडे त्या वेगळ्या पडवीत ठेवाव्यात. दोन फळ्यांमध्ये आडव्या पट्ट्या, जमिनीपासून वीतभर उंच, खाली काळा कागद. पांढऱ्या कडेत बारीक भोकं असणं हे काही संकट नव्हे. ती जुनी असू शकतात. पण काळ्या कागदावर ताजं पीठ पडलं तर आत भुंग्याची अळी जिवंत आहे. अशी फळी बाजूला काढून पांढरी कड चिरून टाकावी. उरलेल्यांना बोरिक ॲसिड आणि टाकणखाराचं पाणी पाजावं, साधारण एकास दीड या प्रमाणात. पावसात भिजणाऱ्या जागी ते धुऊन जातं, घरात टिकतं.

एवढी काळजी घेऊनही जमीन फुगली, ती कशी ते आता सांगते.

कंत्राटदाराला पावसाआधी हिशेब मिटवायचा होता. मे महिन्यात, कडक उन्हात, घाटावरून आलेल्या फळ्या त्याने मांडल्या आणि अशा घट्ट ठोकल्या की सांध्यात पोस्टकार्डही जाऊ नये. भिंतीला फळ्या टेकलेल्या. मेस्त्री कुरकुरले होते, ‘वहिनी, एक पावसाळा बघू द्या त्यांना, मग ठोका.’ त्यांचं ऐकून घेतलं गेलं, एवढंच. जून अर्धा सरेपर्यंत काही झालं नाही. मग रात्री माडीवरून आवाज येऊ लागले, आणि जुलैत मधोमध चार बोटं उंचवटा आला. पूर्वेच्या भिंतीचा गिलावा तळाशी रेघेत सुटला.

यात चमत्कार काही नाही, साधा हिशेब आहे. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. साताऱ्याकडे उन्हाळ्यात पडून असलेल्या फळीत नऊ-दहा टक्के ओल असेल तर तीच फळी आमच्याकडच्या जुलैत सोळा-सतरावर जाते. लांबीला ती जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढते. सागाची वाढ इतर लाकडांच्या मानाने कमी, तरी ओल एका टक्क्याने वाढली की रुंदी हजारात एक ते दोन भागांनी वाढते, फळी ओंडक्यातून कशी चिरली आहे त्यावर. एका फळीत ते एक-दोन मिलिमीटर. पण बारा फूट रुंदीच्या खोलीत फळ्या एकमेकींना चिकटून उभ्या असतील तर सगळी वाढ मिळून सव्वा-दीड इंच. तो दीड इंच कुठे तरी जाणारच. भिंत हलत नाही, म्हणून जमीन उठते. फळी आधी कुठे होती या प्रश्नात गाव का यायला हवं, ते इथे कळतं. मुंबईतल्या चाळीची फळी आम्हाला कमी त्रास देती. तिला समुद्राकाठच्या हवेची सवय होती. जिन्याच्या माथ्याला आणि मधल्या बोळात आमच्याच घरातल्या किंजळीच्या धड फळ्या परत वापरल्या होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत.

पावसात काहीच करता येत नाही. कडेची एक-एक ओळ उचकटून ताण सोडवला आणि गणपती त्या अर्धवट जमिनीवरच पार पडले. पाऊस सरल्यावर सगळ्या फळ्या काढून त्याच खोलीत पट्ट्या घालून रचल्या. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, दोन सुया लाकडात टोचून आकडा दाखवणारं. ते विकत घ्या, उसनं घ्या, पण वापरा. आकडा अमुकच हवा असं नाही. खोलीतल्या जुन्या तुळईत टोचा, मग फळीत टोचा, आणि दोन्हींतला फरक दोन टक्क्यांच्या आत आला की फळी त्या घराची झाली. आमच्याकडे हा क्षण दिवाळीनंतर आला, आणि आता मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हाच हंगाम सांगते. हवा ना मेची ना जुलैची.

पुन्हा घालताना मेस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे फळीच्या दोन्ही कडांना अर्ध्या जाडीची खाच काढून एकीवर एक बसवली. फळ्या फुगल्या-आटल्या तरी खालपर्यंत फट दिसत नाही आणि केर खाली गळत नाही. भिंतीपाशी चारी बाजूंनी पाऊण इंच मोकळं, वर झाकायला पट्टी. ती पट्टी भिंतीला ठोकायची, फळीला नाही. रुंद फळीला दोन्ही कडांना स्क्रू मारले की ती आटताना मधोमध चिरते. म्हणून स्क्रू मधल्या रेषेजवळ, आणि कडेला धरून ठेवायला शेजारच्या फळीची खाच पुरते. उन्हाळ्यात दोन फळ्यांमध्ये नखभर फट दिसते. येणारा-जाणारा ती दाखवतो. मी काही बोलत नाही.

जी गोष्ट कुणीच सांगितली नव्हती ती आवाजाची. जुन्या जमिनीवर मातीचा थर होता. चौरस फुटाला सहज दहा-बारा किलो. तो काढला म्हणून तुळया हलक्या झाल्या, आम्हाला आनंद झाला. पण तो थरच आवाज खात होता, उन्हाळ्यात माडी गार ठेवत होता आणि धूळ अडवत होता. आता वर कुणी कूस बदलली तरी खाली सोप्यावर कळतं. दुसऱ्या वेळी तुळया-दांड्यांवर काथ्याच्या जाड पट्ट्या घालून त्यावर फळ्या ठेवल्या. पावलांची धपधप निम्मी झाली, बोलणं मात्र ऐकू येतं. ज्यांच्या घरी खाली म्हातारी माणसं झोपतात त्यांनी मातीचा थर काढण्याआधी हा विचार करावा, किंवा खालून वेगळं छत घ्यावं.

पैशांचं म्हणाल तर जुनी फळी स्वस्त पडत नाही. घनफुटाचा भाव ऐकून तसं वाटतं. बारा बाय सोळाची खोली म्हणजे १९२ चौरस फूट. इंचभर जाडीने सोळा घनफूट. पण इंच उरायला सव्वा इंचाची फळी घ्यावी लागते, ते झाले वीस. त्यात कुजकी टोकं, चिरा, पीळ पडलेल्या फळ्या, पांढऱ्या कडा यांत चौथा हिस्सा बाद धरा, म्हणजे खरेदी सव्वीस-सत्तावीस घनफुटांची. सागाचा घनफूट साधारण अठरा किलोचा, तेव्हा टेंपोत पाच क्विंटलच्या आसपास माल चढतो आणि घाट उतरतो. मग खिळे, खरवडणं, गिरणी, खाच. आमच्याकडे मजुरी लाकडाच्या किमतीच्या जवळपास गेली, आणि ती दोनदा. वखारीत टेप स्वतः धरा. जाडी सगळ्यात जाड जागी आणि लांबी कुजक्या टोकासकट मोजायची तिथे रीतच असते.

वाटेत नाका असतो. सागाच्या वाहतुकीवर वनखात्याचं नियंत्रण आहे आणि भरलेला टेंपो बघून तो जुना की नवा हे नाक्यावरच्या माणसाने ओळखावं अशी अपेक्षा धरू नये. माल निघण्याआधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात परवान्याचं विचारून घ्या, विक्रीची पावती आणि पाडकामाचा एखादा कागद गाडीत असू द्या.

शेवटचा हात कशाचा द्यायचा याबाबत माझं मत ठाम आहे: तेल. चकचकीत पॉलियुरेथेन सागाच्या तेलकटपणामुळे नीट धरत नाही. थिनरने पुसून मारलं तरी आमच्या दमट हवेत पुढेमागे त्याचे पापुद्रे निघतात, आणि मग एका जागेसाठी सगळी खोली घासावी लागते. जवसाचं तेल फडक्याने चोळलं की झिजलेल्या जागी दर एक-दोन वर्षांनी पुन्हा चोळता येतं. मात्र ते फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ते दोरीवर पसरून वाळवा नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवा. लाकडी माडीच्या घरात हे घरातल्या आणि कामावरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.

उरलेल्या फळ्या विकू नका, भेट देऊ नका. आम्ही आठ-दहा राखून ठेवल्या आहेत, माळ्यावर, पट्ट्या घालून. प्रत्येकीच्या पाठीवर मेस्त्रींनी गेरूने लिहिलं आहे: कुठल्या गटातली, कडीचं अंतर किती, कुठल्या महिन्यात रंधली. पुढे कधी कुणाला एखादी फळी बदलायची झाली तर त्याला वखारीत जाऊन विचारत बसायला नको.